पूल उचलताना

रात्रीचे दोन पाच.
केबिनच्या काचेवर मिठाची साय.
हेझल थर्टल, वय सत्तावन्न,
लोवेस्टॉफ्टचा पूल उचलणारी बाई,
बिस्किटांच्या डब्याचं झाकण उघडते
आणि थांबते.

आज धडा चौथा.
डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनवर
निळ्या अक्षरांत एकच प्रश्न:
खाण्याआधी काय वाटत होतं?
खाली यादी. कंटाळा. राग. एकटेपणा. इतर.
ती ‘इतर’वर बोट ठेवते.
चौकट उघडते, लिहा म्हणते.
ती लिहिते: वारा ईशान्येचा, जोरात.

पोटात कावळे ओरडतात ती भूक तिला ठाऊक आहे.
ती साधी. तुकडा टाकला की उडून जाते.
ही दुसरी. हिच्यात सीगल ओरडतात,
भरल्या पोटीही,
आधीचा घास चोचीत असतानाही.

आई गेली त्या मार्चपासून जास्तच.
आई, जी ‘किती सुटलीस गं’ म्हणायची
आणि त्याच हातानं ताटलीत
ब्रेड पुडिंगचा दुसरा चौकोन सरकवायची.
मायेला कस्टर्डचा वास असतो
हे हेझल सहाव्या वर्षीच शिकली होती.

एक गुरुवार आड, दुपारी सव्वाचारला,
लीड्सहून टॅमसिनचा फोन येतो. पंधरा मिनिटं.
ती उपदेश करत नाही, ह्याचीच आधी भीती वाटली.
वजनाबद्दल आजवर तोंड उघडलेला प्रत्येक माणूस
काही ना काही शिकवूनच गेला होता:
डॉक्टर, शिंपीण,
मोटारीत शेजारी बसलेला नवरा.
टॅमसिन फक्त म्हणते, ‘मग?’
आणि वाट बघते.

सहाव्या धड्यात लिहिलं होतं,
इच्छा आली की तिला ढगासारखी जाऊ द्या.
हेझल हसली. म्हणाली,
‘पोरी, आमच्याकडचे ढग जात नाहीत,
मुक्कामाला येतात.’
‘मग तुमच्याकडे काय जातं?’

उत्तर रविवारी सापडलं,
पहाटे, लाल दिवे लावताना.
बोटीनं भोंगा दिला. फाटकं पडली.
दुधाची गाडी, दोन टॅक्सी, सायकलवरची नर्स,
सगळे जागच्या जागी उभे.
पुलाचं जड पान कुरकुरत आभाळाकडे गेलं
आणि ती बोट,
लांबून डोंगराएवढी वाटलेली,
नऊ मिनिटांत निघून गेली.
कुणी तिच्याशी भांडलं नाही.
कुणी तिच्यात चढलंही नाही.

तेव्हापासून झाकणावर हात गेला
की ती मनात लाल दिवा लावते.
नऊ मिनिटं.
कधी बोट जाते.
कधी हेझलच जाते बोटीबरोबर
थेट डब्याच्या तळापर्यंत,
आणि तेही लिहिते: सात. क्रीमची. उभ्यानं.

नवव्या आठवड्यात काटा दीड किलो खाली,
दहाव्यात एक किलो वर.
तिनं काटा उचलला, जिन्याखाली ठेवला
आईच्या शिवणयंत्राशेजारी.
केबिनच्या बेचाळीस पायऱ्या मात्र
आता मध्ये न टेकता होतात.
हे तिनं चौकटीत भरून पाहिलं. घेईना.
तिथे फक्त किलो चालत होते.

शेवटच्या फोनला टॅमसिनचा आवाज
मीठ चढलेल्या काचेसारखा.
प्रश्न वाचून दाखवल्यासारखे येत होते.
हेझलनं मध्येच विचारलं,
‘आणि तुला, पोरी? तुला काय वाटतंय?’

लीड्सहून काहीच आलं नाही.
एक श्वास आला, अर्धा.

हेझलनं घड्याळाकडे बघितलं.
पंधरातली चार मिनिटं उरली होती.
ती तिनं तशीच उघडी धरली,
दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवून.